एकवीसचे वीस

कोपरखैरण्यात आमची उपासना
शाळेच्या हॉलमध्ये भरते, भाड्याने.
बाकं भिंतीला सारायची,
फळा पुसायचा नाही, ही मुख्याध्यापिकांची अट.
म्हणून उबाळे पाळक प्रार्थनेला उभे राहतात ते
तीन अष्टमांश आणि पाच षष्ठांश यांच्या मधोमध,
आणि आम्ही डोळे मिटतो.

मी काटे दुरुस्त करतो. वजनकाटे.
तुर्भे, पावणे, महापे.
स्कूटरवर पायाशी प्रमाणवजनं,
डिकीत पाने, तार, शिसं.
कुणी विचारलं तर सांगेन, मी ख्रिस्ती.
कुणी विचारत नाही.
विचारतात, किती घेणार?

भंगाराच्या गोदामातला शेट म्हणाला,
"जरा काटा मारून दे."
नाताळ आठ दिवसांवर होता.
थोरल्याचे बूट फाटले होते,
सुवार्ताने करंज्यांचं सामान उधारीवर आणलेलं.
कारणं माझ्याकडे कायम पुरेशी असतात.

शिक्का तोडला. पाट्यावर एकवीस किलो ठेवले,
बटण दाबून यंत्राला सांगितलं, हे वीस.
यंत्राने विश्वास ठेवला.
किती सहज ठेवला.
लाल आकडे थोडे लुकलुकले,
मग थांबले ते थांबलेच.

पाचशे रुपये.

तीन वर्षं तो काटा खऱ्यासारखा बोलत राहिला.
बायका पहाटे वेचलेला पुठ्ठा आणत,
गोणी टाकत, आकड्याकडे बघत,
वाचता येत नसलं तरी बघत.
मी रविवारी शास्त्रभाग वाचायचो.
शद्रखबंधूंचा आवाज काय खणखणीत, म्हणायचे सगळे.

मग एका रविवारी प्रभुभोजनाचा ट्रे
माझ्या रांगेत आला, आणि मी पेला न उचलता
तो पुढे दिला.
त्याच दिवशी का, ठाऊक नाही.
उपदेश तर सतरंज्यांच्या वर्गणीवर होता.
सुवार्ताने बघितलं. काही बोलली नाही.

सोमवारी गेलो तर गोदामाच्या जागी टायरचं दुकान.
शेट सुरतेला. काटा?
"विकला."
कुणाला?
"विकला ना, भाऊ."
म्हणजे अजून कुठेतरी
एकवीसचे वीस होतायत, माझ्या हाताने.

पुलाखाली हौसाबाई बसली होती,
बाटल्यांची बुचं वेगळी करत.
हेल्मेट हातात धरून मी सगळं सांगितलं.
ती रडेल, शिवी देईल, नाहीतर क्षमा करेल,
तिन्हींची तयारी करून आलो होतो.
ती हसली.
"माहीत होतं की. आम्ही पुठ्ठा भिजवून न्यायचो.
कधी तळाला वीट."

मीही हसलो. केवढं हलकं वाटलं, काय सांगू.
दोन्हीकडून मारलेला काटा, म्हणजे सरळच की.

बुचांचा ढीग अर्धा झाल्यावर ती म्हणाली,
"लंका नाही भिजवायची पण.
आम्ही वेडी म्हणायचो तिला.
कोरडाच आणायची."

कुठे असते?
"गेली परतूरकडे. गुडघे गेले तिचे."

मी पाकीट पुढे केलं. तिने तिथेच मोजलं,
शंभर स्वतःला काढले, चहाचे दहा मला परत दिले,
उरलेले कनवटीला लावले.
"आली तर देईन."
देईल का? विचारायचा हक्क मला नव्हता.

हे कुणाला सांगावं असं नाही.
उबाळे पाळकांना सांगितलं तर
पुढच्या रविवारी साक्ष द्यायला उभं करतील,
आणि मी पुन्हा खणखणीत आवाजात बोलेन.

काल पावण्यात एका कारखानदाराने
खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लोटलं.
"थोडा मारून द्या."
कोरडा पुठ्ठा आठवला.
नाही, म्हणालो.
आवाज असा फाटका निघाला
की त्याने विचारलं, "काय?"
पुन्हा म्हणावं लागलं.

बाहेर स्कूटर सुरू होईना.
तो दारात उभा राहून बघत होता,
आणि मी किक मारतोय,
मारतोय.